नोत्र-दामचा ऑर्गन: बदलला की सुधारला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसचं नोत्र-दाम कॅथीड्रल 15 एप्रिल 2019 रोजी पेटलं आणि 7 डिसेंबर 2024 रोजी पुन्हा उघडलं. छप्पर, मनोरा, दगडी कमानी यांवर मराठीत बरंच लिहून आलं. पश्चिम दरवाजाच्या वर, गोल काचखिडकीसमोर उभ्या असलेल्या ऑर्गनविषयी, म्हणजे हवेवर वाजणाऱ्या हजारो नळ्यांच्या वाद्याविषयी मात्र फारसं काही वाचायला मिळत नाही. चर्चचा ऑर्गन दुरुस्त करायचा, वाढवायचा की काढून नवा बसवायचा, हा प्रश्न युरोपातल्या असंख्य चर्चना आज पडतो आहे, आणि त्याचं सर्वांत शिकण्यासारखं उत्तर मला या वाद्यात दिसतं.

आगीत हा ऑर्गन जळाला होता ना?

नाही. जवळपास 8,000 नळ्यांपैकी एकही वितळली नाही. ऑर्गनच्या वरची दगडी कमान टिकून राहिली आणि अग्निशमन दलाच्या पाण्याचा मारा तिथे फारसा पोचला नाही. पण थोडक्यात वाचला, हे खरं. आग उत्तरेकडच्या बुरुजातल्या लाकडी सांगाड्यापर्यंत गेली होती. त्या सांगाड्यावर प्रचंड वजनाच्या घंटा टांगलेल्या आहेत. त्या कोसळल्या असत्या तर बुरुज गेला असता, आणि ऑर्गन दोन बुरुजांच्या बरोबर मधे आहे. जवान त्या रात्री बुरुजात चढले, म्हणून आज हे वाद्य आहे.

वेदीजवळचा छोटा ऑर्गन इतका नशीबवान नव्हता. तो पाण्याने भिजला आणि वाजवण्याजोगा राहिला नाही. लाकूड, कातडं आणि विजेची जोडणी असलेल्या वाद्याला आगीइतकंच पाणी घातक असतं.

मग जळलाच नव्हता तर सगळा खोलला कशाला?

शिशामुळे. छप्पर आणि मनोऱ्यावर मिळून शेकडो टन शिशाचे पत्रे होते. ते वितळले, त्यातलं काही धुरात मिसळलं आणि बारीक पिवळट धूळ होऊन सगळीकडे बसलं. ऑर्गनच्या प्रत्येक नळीचं तोंड उघडं असतं. आत भाते, हवेच्या पेट्या, झडपा, हजारो लहान-लहान सांधे. ही धूळ तिथे पोचली. पंखा सुरू करून एक सूर वाजवला असता तरी ती धूळ आतल्या आत फिरली असती आणि बाहेरही उडाली असती. शिसं विषारी असल्याने काम करणाऱ्यांच्या आणि उपासनेला येणाऱ्यांच्या जिवाशी तो खेळ झाला असता.

गंमत अशी की ऑर्गनच्या धातूच्या नळ्या मुळात कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाच्याच असतात. नळीतलं शिसं कुणाला त्रास देत नाही. श्वासातून आत जाणारी भुकटी मात्र जीव धोक्यात घालते.

शिवाय छप्पर नसलेल्या इमारतीत ऑर्गनने उन्हाळे-हिवाळे काढले. तापमान आणि ओलावा असे खालीवर झाले की लाकूड हलतं आणि कातडं आखडतं. तेही बघणं भागच होतं.

जागेवरच पुसून घेता आला नसता?

लाकडी दर्शनी भाग, म्हणजे ज्यात नळ्या उभ्या दिसतात ती कोरीव चौकट, जागेवरच साफ केली. बाकीचं बहुतेक उतरवलं. ऑगस्ट 2020 मध्ये काम सुरू झालं. आधी वादकाचा कट्टा (ज्याच्याशी बसून तो वाजवतो ती पट्ट्या आणि खिट्ट्यांची मांडणी) उचलला, मग नळ्या एकेक करून काढल्या, नोंदवल्या, पेट्यांत भरल्या. डिसेंबरपर्यंत ऑर्गन रिकामा झाला. सर्व भाग शिसंमुक्त करून दक्षिण फ्रान्समधल्या कार्यशाळांत गेले. पास्काल क्वारँ यांची आणि कात्तियो-शेव्रों ही कार्यशाळा या कामातली प्रमुख नावं. हीच मंडळी आगीच्या आधीही या ऑर्गनची देखभाल करत होती. त्यामुळे कोणती नळी कशी बोलायची, हे त्यांच्या कानात होतं, आणि कोणत्याही आराखड्यापेक्षा ते मोलाचं ठरलं.

हा ऑर्गन आहे तरी किती जुना?

याचं एक उत्तर देता येत नाही.

नोत्र-दाममध्ये पश्चिमेच्या माळ्यावर 15व्या शतकाच्या सुरुवातीपासून ऑर्गन आहे. आज दिसणारी लाकडी चौकट 1733 सालची. त्या वेळी फ्रांस्वा तिएरी या कारागिराने वाद्य जवळजवळ नव्याने बांधलं. 1780च्या दशकात फ्रांस्वा-आंरी क्लिको यांनी ते पुन्हा मोठं केलं. लगेच फ्रेंच राज्यक्रांती झाली. चर्चची मालमत्ता लुटली गेली, मूर्ती फोडल्या गेल्या, घंटा वितळवल्या गेल्या. ऑर्गन मात्र वाचला. त्यावर देशभक्तीपर गाणी वाजत राहिली, म्हणून त्याला हात लागला नाही असं सांगतात.

1860च्या दशकात कॅथीड्रलच्या जीर्णोद्धारासोबत आरिस्तीद काव्हाये-कोल यांनी ऑर्गनचा कायापालट केला. 19व्या शतकात ऑर्गन बांधणाऱ्यांमध्ये त्यांच्या तोडीचं नाव नाही. 86 स्टॉप आणि पाच कीबोर्डचं हे वाद्य 6 मार्च 1868 रोजी लोकांनी प्रथम ऐकलं. (स्टॉप म्हणजे एकाच प्रकारच्या आवाजाच्या नळ्यांची पूर्ण रांग, वादक खिट्टी ओढून ती चालू-बंद करतो.) काव्हाये-कोल यांनी तिएरी आणि क्लिको यांच्या चांगल्या नळ्या फेकल्या नाहीत. त्या नव्या रचनेत सामावून घेतल्या. मला त्यांचा मोठेपणा इथे जास्त दिसतो.

पुढे लुई व्हिएर्न आले. जवळजवळ दृष्टिहीन असलेला हा संगीतकार 1900 पासून इथला वादक होता. पहिल्या महायुद्धानंतर वाद्याची दुर्दशा झाली तेव्हा त्यांनी 1927 मध्ये अमेरिकेचा दौरा केला आणि दुरुस्तीसाठी पैसे उभे केले. 1932 मध्ये ते काम झालं. 2 जून 1937 रोजी याच ऑर्गनवर कार्यक्रम चालू असताना, वाजवता वाजवता, त्यांचं निधन झालं. त्यांच्यानंतरच्या पिढीत इथले वादक प्येर कोशरो यांनी 1960च्या दशकात यांत्रिक जोडणी काढून विजेची बसवून घेतली आणि नवे स्टॉप वाढवले. 1992 मध्ये संगणक आला. 2012 ते 2014 दरम्यान पुन्हा मोठं काम होऊन नवा कट्टा बसला. आज 115 स्टॉप आहेत.

म्हणजे जुना असा काही उरलाच नाही?

उरला आहे, आणि वाजतो आहे. 18व्या शतकातल्या नळ्या, काव्हाये-कोलच्या नळ्या आणि 20व्या शतकातली भर, सगळं एका वेळी ऐकू येतं. आमच्याकडे विचारणाऱ्या बऱ्याच जणांना ‘मूळ’ ऑर्गन कोणता ते हवं असतं. असा एक क्षण निवडून बाकीचं खरवडून काढायचं म्हटलं तर प्रत्येक वेळी कुणाचं तरी उत्तम काम कचऱ्यात जाईल. पंढरपूरच्या वारीत जसे वेगवेगळ्या शतकांतल्या संतांचे अभंग एकाच दिंडीत, एकाच टाळावर गायले जातात, तसं या वाद्याचं आहे.

पाइप ऑर्गन नेमका चालतो कसा?

विजेचा पंखा हवा ओढतो आणि भात्यात भरतो. भात्यावरच्या वजनामुळे हवेचा दाब स्थिर राहतो. तिथून ती हवेच्या पेटीत जाते. पेटीवर नळ्या उभ्या असतात. पट्टी दाबली की त्या सुराची झडप उघडते, आणि ज्या रांगांची खिट्टी ओढली आहे त्या रांगांतल्या नळ्या बोलतात.

नळ्या दोन जातीच्या. एकीत बासरीसारखा हवेचा पातळ झोत धारेवर आपटतो. दुसरीत पितळेची जीभ थरथरते आणि वरची नळी तिच्या आवाजाला रंग देते. सर्वांत खालचे सूर देणाऱ्या रांगेला 32 फुटी म्हणतात, कारण तिची सर्वांत मोठी नळी साधारण तेवढी लांब असते. तिचा मूळ सूर सेकंदाला सुमारे 16 कंपनांचा आहे. तो कानापेक्षा छातीत आणि बाकड्याच्या लाकडात जास्त जाणवतो. सर्वांत छोट्या नळ्या बोटाहूनही लहान.

नळ्या धुतल्या तर आवाज बदलणार नाही का?

बदलू शकतो, म्हणूनच हे काम कुणाही सफाई कंत्राटदाराला देता येत नाही. नळीच्या तोंडाशी आत एक आडवी चपटी पट्टी असते. तिच्या आणि खालच्या ओठाच्या मधून हवा येते. ती पट्टी केसभर वरखाली झाली की नळी उशिरा बोलू लागते, घोगरी होते, नाहीतर वरच्या सप्तकात उडी मारते. पायाचं भोक किती मोठं, तोंड किती उंच कापलं आहे, यावर जोर आणि रंग ठरतो. या मापांत त्या त्या कारागिराचा हात उतरलेला असतो. घासताना ती बिघडली तर 1733 ची नळी फक्त नावाला 1733 ची राहते.

शेवटचे महिने रात्री काम चाललं होतं असं वाचलं. का?

शांततेसाठी. 2024 मध्ये ऑर्गन पुन्हा उभा राहिला होता, पण खाली गवंडी, सुतार, वीजवाले असे शेकडो लोक दिवसभर काम करत होते. त्या गोंगाटात सूर लावणं अशक्य. म्हणून साधारण सहा महिने कारागीर रात्री माळ्यावर चढत. एक जण कट्ट्याशी बसून पट्टी दाबतो, दुसरा ऑर्गनच्या पोटात नळीपाशी असतो. ऐकायचं, नळी काढायची, तोंडाशी किंचित बदल करायचा, परत ठेवायची, पुन्हा ऐकायचं. असं सुमारे 8,000 वेळा.

यात दोन वेगळी कामं आहेत. पहिलं सूर लावण्याचं. नळीची लांबी थोडी कमी-जास्त करून सूर जुळवतात. जिभेच्या नळ्यांत एक तार सरकवून जिभेची लांबी बदलतात. दुसरं काम त्याहून नाजूक: प्रत्येक नळीला तिचा स्वभाव देणं, आणि हे त्या इमारतीतच करावं लागतं. नोत्र-दाममध्ये सूर सोडल्यावर तो सुमारे सहा सेकंद घुमत राहतो. आगीनंतर भिंती धुतल्या गेल्या, कोसळलेल्या कमानी नव्याने बांधल्या गेल्या. दगड तोच असला तरी पृष्ठभाग बदलला. त्यामुळे कार्यशाळेत बरोबर वाटलेली नळी इथे चूक वाटू शकते. नवा ऑर्गन घेताना कोणत्याही चर्चने हे ध्यानात ठेवावं. अर्धं वाद्य म्हणजे इमारतच.

तापमानाचंही तसंच. हवा तापली की साध्या नळ्यांचा सूर चढतो, जिभेच्या नळ्यांचा मात्र फारसा हलत नाही. त्यामुळे थंडीत जुळलेला ऑर्गन उन्हाळ्यात आपापसांत भांडू लागतो.

एवढा खोललाच होता, तर आणखी मोठा आणि आधुनिक का नाही केला?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे. पैसा होता, जगाचं लक्ष होतं, हौस करायला याहून चांगली संधी मिळाली नसती. तरी आराखडा बदलला नाही. 2014 मध्येच नूतनीकरण झालं होतं आणि वाद्य उत्तम चाललं होतं, हे त्याचं सरळ कारण. जे बिघडलेलं नाही ते बदलायचं नाही. साफ करायचं, झिजलेलं बदलायचं, जुळवायचं आणि परत ठेवायचं. मोठ्या कामात हात आवरण्याला फार ताकद लागते, आणि ती इथे दिसली.

उलट उदाहरण जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं. तिथल्या फ्राउएनकिर्श या चर्चमध्ये गॉटफ्रीड झिल्बरमान यांनी बांधलेला 43 स्टॉपचा ऑर्गन 1736 मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी 1 डिसेंबरला योहान सेबास्टियन बाख यांनी तो वाजवला. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यानंतर चर्चच कोसळलं आणि ऑर्गन नष्ट झाला. चर्च जुन्या आराखड्यानुसार पुन्हा उभं राहिलं, 2005 मध्ये उघडलं. पण ऑर्गनवरून कडाक्याचा वाद झाला. झिल्बरमानची हुबेहूब प्रतिकृती करायची की आजच्या गरजांचं वाद्य? शेवटी स्ट्रासबुर्गच्या डॅनिएल केर्न यांनी 67 स्टॉपचा नवा ऑर्गन केला. दर्शनी भाग जुन्यासारखा, आतला पाया झिल्बरमानच्या शैलीचा, आणि नंतरच्या काळातलं संगीतही वाजवता यावं म्हणून जास्तीचा कीबोर्ड आणि स्टॉप. अनेक जाणकारांना ते रुचलं नाही. मला तो निर्णय मान्य आहे. जे वाद्य उरलंच नाही त्याची नक्कल करण्यापेक्षा त्याच्या शैलीत आजचं वाद्य बांधणं जास्त प्रामाणिक आहे. नोत्र-दाममध्ये वाद्य उरलं होतं, म्हणून तिथला न्याय वेगळा.

त्यात संगणक आहे ना? मग तो डिजिटल ऑर्गनच की.

नाही. संगणक फक्त निरोप पोचवतो: कोणती पट्टी दाबली, कोणते स्टॉप ओढले. आवाज हवेने आणि नळीनेच होतो.

मग सरळ डिजिटल ऑर्गन का घेत नाहीत? स्वस्त पडतो.

स्वस्त पडतो, जागा कमी घेतो, आणि लहान चर्चसाठी वाईट मुळीच नाही. पण त्यात ध्वनिक्षेपकातून आवाज येतो, आणि मोठ्या दगडी इमारतीत शेकडो लोक एकाच वेळी गाऊ लागले की फरक कळतो. नळ्यांचा आवाज अनेक जागांहून येतो, गाणाऱ्यांच्या आवाजात मिसळतो, त्यांना उचलून धरतो. दुसरा मुद्दा आयुष्याचा. इलेक्ट्रॉनिक भाग काही वर्षांनी मिळेनासे होतात. पाइप ऑर्गनमधलं कातडं काही दशकांनी बदलावं लागतं, पण ते कुठल्याही कुशल कारागिराला बदलता येतं आणि नळ्या शतकानुशतकं टिकतात.

कॅथलिक चर्चपुरतं बोलायचं तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मानाचं स्थान दिलं आणि योग्य असतील ती इतर वाद्यंही चालतील असं म्हटलं. म्हणजे पेटी-तबल्यावर भजन म्हणणाऱ्या मंडळीला कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

पैसा कुठून आला?

कॅथीड्रलसाठी सुमारे 150 देशांतल्या लाखो लोकांनी देणग्या दिल्या, त्यातून. सर्वसाधारण चर्चला असं भाग्य लाभत नाही. तिथे एकेक नळी किंवा एकेक स्टॉप दत्तक घेण्याची योजना काढतात. ती चांगली चालते, कारण माणसाला आपला सूर कोणता ते ऐकू येतं.

पुन्हा वाजला तेव्हा काय झालं?

7 डिसेंबर 2024 च्या संध्याकाळी आर्चबिशप लॉरां युल्रिक यांनी ऑर्गनला उद्देशून आठ वेळा हाक दिली; पहिली हाक जागा हो, या अर्थाची. प्रत्येक हाकेनंतर ऑर्गनने उत्तर दिलं. ऑलिव्हिए लात्री, व्हँसां द्युबुआ, तिएरी एस्केश आणि तरुण तिबो फाजोल या चार वादकांनी ती उत्तरं आयत्या वेळी सुचतील तशी वाजवली. आयत्या वेळी रचून वाजवणं ही फ्रेंच ऑर्गनवादनाची जुनी परंपरा. पाच वर्षांहून अधिक काळ गप्प असलेलं वाद्य बोललं. ध्वनिमुद्रण सहज मिळतं. चांगले हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर येतच नाहीत.

आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गन तो हाच का?

नाही, पण नातं आहे. बालगंधर्वांच्या काळापासून नाट्यपदांच्या साथीला असलेला पायाने भाता चालवायचा ऑर्गन नळ्यांचा नव्हे. त्यात पेटीसारख्या धातूच्या मुक्त जिभा असतात. त्या चौकटीतून आरपार थरथरतात. चर्चच्या ऑर्गनमधली जीभ मात्र नळीच्या खाचेवर आपटते. हार्मोनियम 1840च्या दशकात पॅरिसमध्येच अलेक्सांद्र दबँ यांनी घडवली. ज्या चर्चना पाइप ऑर्गन परवडत नसे त्यांना ती सोयीची पडली, आणि मिशनऱ्यांबरोबर भारतात पोचली. नंतर कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर बसून हाताने भाता मारायच्या पेटीचं रूप दिलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आज मराठी चर्चमध्ये त्याच पेटीवर म्हटली जातात.

आमच्या चर्चमध्ये जुना ऑर्गन बंद पडलाय. काय करावं?

मुंबई-पुण्यातल्या काही जुन्या चर्चमध्ये ब्रिटिश काळातले पाइप ऑर्गन आहेत, आणि पायपेट्या तर गावोगाव आहेत. आपल्या हवेत त्यांचा खरा शत्रू पावसाळा. लाकूड फुगतं, झडपा अडकतात, कातड्याला बुरशी येते, उंदीर आणि वाळवी आपलं काम करतात. ‘मेला’ म्हणून टाकलेल्या वाद्यात पुष्कळदा फाटलेला भाता आणि अडकलेल्या झडपा एवढंच असतं.

तेव्हा आधी काढून टाकू नका आणि कुणाला सुटे भागही नेऊ देऊ नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा. वाद्यावरची पाटी, तारखा, नळ्यांवर कोरलेली अक्षरं लिहून ठेवा. नळ्यांना हाताने वाकवून ‘सरळ’ करू नका, आणि रंग तर अजिबात लावू नका. छप्पर गळत असेल तर ऑर्गनच्या आधी छप्पर दुरुस्त करा. मग ऑर्गन किंवा पेटी दुरुस्त करणाऱ्या दोन वेगवेगळ्या कारागिरांकडून पाहणी करून लेखी अंदाज घ्या: काय साफ करायचं, काय दुरुस्त करायचं, काय बदलावंच लागेल, हे तिन्ही वेगळं मांडायला सांगा. सगळं बदला म्हणणाऱ्याला कारण विचारा. काढलेला प्रत्येक जुना भाग खूण करून चर्चमध्येच ठेवून घ्या. आणि दुरुस्तीनंतर तो दर रविवारी वाजवा. बंद ठेवलेल्या वाद्याचं कातडं लवकर जातं.